अंधाऱ्या महिन्यांत वाचलेली दोन पुस्तके

हेलसिंकीत डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावरून परतताना संसदेसमोरच्या 'ओदी' ग्रंथालयात डोकावणे ही या हिवाळ्यात माझी सवयच होऊन गेली. २०१८ मध्ये उघडलेल्या या इमारतीत पुस्तकांचा मजला सर्वांत वर आहे आणि पुस्तक घरी न्यायला वर्गणीही लागत नाही की अनामतही नाही, याचे वाचनालयाची वर्गणी थकवत वाढलेल्या मला अजून नवल वाटते. तिथून आणलेली इथल्या लेखकांची दोन पुस्तके, दोन्ही इंग्रजी अनुवादात, नुकतीच वाचून झाली.

पहिले तूवे यान्सन यांचे 'समर बुक'. मूमिन या गुबगुबीत पात्रांच्या जनक म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात. हे १९७२ चे पुस्तक मात्र मोठ्यांसाठी आहे आणि मूळ स्वीडिशमध्ये आहे, कारण यान्सन फिनलंडमधील स्वीडिशभाषक अल्पसंख्याकांपैकी होत्या. फिनलंडच्या आखातातील एका लहानशा बेटावर आजी आणि सोफिया नावाची नात उन्हाळा घालवतात, भांडतात, रुसतात, आणि कथानक म्हणावे असे फारसे काही घडत नाही. मीही आजी-नातीच्या गमती म्हणून ते भराभर वाचून संपवले. मग सहज चाळताना सुरुवातीच्या पानांतले एक वाक्य दिसले, जे पहिल्या वाचनात नजरेतून पार निसटले होते: रात्री जाग आलेल्या सोफियाला आठवते की आता तिला स्वतंत्र बिछाना आहे, कारण आई वारली आहे. त्या मृत्यूबद्दल पुढे कुणी बसून बोलत नाही. मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

आता गांडुळाचे प्रकरण अगदी वेगळे वाटू लागले. गांडूळ कापले गेल्यामुळे हादरलेली सोफिया आजीला एक प्रबंधच लिहून घ्यायला लावते. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाढू लागतील हे गांडुळाला ठाऊक असते, पण ते किती दुखते हे आपल्याला कळत नाही, असे ती तावातावाने सांगते आणि आजी निमूटपणे उतरवून घेते. आधी मी इथे हसले होते. यान्सन यांची स्वतःची आई १९७० मध्ये वारली, हे मला नंतर कळले. आजीचे शेवाळाचे शास्त्रही तसेच: एकदा पाय पडला तर पावसाने ते पुन्हा वर येते, दुसऱ्यांदा येत नाही, तिसऱ्यांदा मरते. मधली एकदोन प्रकरणे मला फिकी वाटली, तरी एवढ्यासाठी ती माफ.

दुसरे पुस्तक वैनो लिन्ना यांचे 'अननोन सोल्जर', १९५४ मधले. ताम्पेरेच्या कापड गिरणीत काम केलेल्या या लेखकाने १९४१ ते १९४४ च्या सोव्हिएतविरोधी युद्धातील एका मशीनगन तुकडीची गोष्ट सांगितली आहे. त्यावरचा १९५५ चा चित्रपट ६ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, दूरदर्शनवर दाखवतात. पुस्तक मला आवडले, पण काहीसे बेचव लागले, आणि त्याचे कारण कार्यालयातील एका सहकाऱ्याने मूळ फिनिशमधून दोन पाने मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा उमगले. तुकडीतला प्रत्येक जण आपापल्या मुलखाची बोली बोलतो: रोक्का कारेलियाच्या संयोगभूमीची, हिएतानेन नैर्ऋत्येकडची. एकाच खंदकात मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी बोलणारे बसावेत आणि अनुवादकाने सगळ्यांना एकच भाषा द्यावी, तसे माझ्या हातातल्या प्रतीत झाले होते. युद्धानंतर रोक्काचा तो मुलूखच सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांच्या आसपास कारेलियन माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली, हे ठाऊक असताना त्याच्या तोंडची बोली काढून टाकणे मला फारच जिव्हारी लागले.

म्हणून मूळ फिनिश प्रतही आणली आहे. माझ्या शब्दकोशात रोक्काचे निम्मे शब्द सापडत नाहीत. परतीची मुदत चार आठवड्यांची आहे आणि आज दहाव्या दिवशी मी सतराव्या पानावर आहे.