कोल्हापूरचे पाच म्हणजे नक्की किती?

१५ जानेवारी, किंक्रांत. रात्रीचे नऊ वाजून गेलेत.

आज चहाच्या वेळेला फाउंड्रीतला ओडिशाचा पोरगा मला विचारतोय, साहेब तुमच्याकडं सूर्य पण फर्स्ट शिफ्टला असतो काय, आपल्याबरोबरच सातला आत येतोय. सगळे हसले, मी पण हसलो, पण ते डोक्यातनं जाईना. त्याचं गाव भुवनेश्वरच्या बाजूला, तिकडं या दिवसांत साडेसहाच्या आतच ऊन पडायला लागतं आणि इथं कोल्हापूरजवळ शिरोलीत आम्ही सातला कार्ड मारतो तेव्हा सूर्य अजून यायचाच असतो, सात वाजून पाच-सहा मिनिटांनी उगवतो. घड्याळ मात्र दोघांचं एकच.

मग डबा खाल्ल्यावर कागदावर हिशोबच घातला. आपल्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलंय, ती रेघ तिकडं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळनं जाते. कोल्हापूर साधारण ७४.२५ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं. म्हणजे मी पहाटे पाचला उठतो तेव्हा कोल्हापूरच्या आभाळात साडेचार पण झालेले नसतात! हे घड्याळ १९०६ ला आलं, आणि मुंबईत तर १९५५ पर्यंत त्यांचा स्वतःचा बॉम्बे टाइम पण चालायचा, ३९ मिनिटं मागचा. आपण कोल्हापूरकरांनी तेव्हा आपला टाइम का नाही चालू ठेवला देव जाणे, एवढा नाद करणारी माणसं आपण.

आणि ते ब्रह्ममुहूर्ताचं. व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी टाकतंच, चारला उठा, ब्रह्ममुहूर्त आहे, बुद्धी तल्लख होते वगैरे. अरे पण तो मुहूर्त घड्याळावर ठरत नाही, सूर्योदयावर ठरतो. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, सूर्योदयाच्या आधीचे दोन मुहूर्त मोजायचे आणि त्यातला पहिला तो ब्रह्ममुहूर्त, म्हणजे सूर्य उगवायच्या ९६ मिनिटं आधी चालू आणि ४८ मिनिटं आधी खलास. आज कोल्हापुरात तो साडेपाचला लागला आणि सव्वासहाला संपला. जूनमध्ये सहाला सूर्य उगवतो तेव्हा तो साडेचारच्या आधी लागतो ते ठीक आहे. पण जानेवारीत चारला उठणारा माणूस ब्रह्ममुहूर्ताच्या दीड तास आधीच उठून बसलेला असतो आणि वर आपल्याला शहाणपण शिकवतो.

हे सगळं संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते शेंगा सोलत बसलेले. म्हणाले, आमचा वस्ताद रेखांश बघत न्हवता.

बाबा तरण्यापणी तालमीत राहिलेले. चारला उठायचं, कंदील, मग आळीपाळीनं हौद्याची माती फावड्यानं खणायची, मग जोर-बैठका, मग लढती. मी लहानपणापासनं विचारत आलोय की गजर नव्हता मग जाग कशी यायची, आणि ते दरवेळी वेगळंच सांगतात. कधी म्हणतात वस्तादांची काठी, कधी म्हणतात सवय. आज जे सांगितलं ते मला खरं वाटलं. म्हणाले ज्याची खणायची पाळी असंल तो उठला नाही तर सगळ्यांची लढत खोळंबायची, मग वीस पोरं शिव्या घालायची त्याला, दिवसभर. आणि झोपायचे कधी? साडेआठला. हे मात्र आजपर्यंत कधीच सांगितलं नव्हतं! साडेआठला झोपून चारला उठणं म्हणजे साडेसात तास झाले की, यात कसला पराक्रम. मी दिवाळीपर्यंत सेकंड शिफ्टला होतो, घरी यायला बारा, जेवून मोबाईल बघत एक-दीड, आणि सकाळी साडेआठला उठलं की हेच बाबा म्हणायचे, आमच्या वेळेला असं न्हवतं.

फर्स्ट शिफ्ट लागल्यापासनं लोकांनी मला एवढ्या आयडिया सांगितल्यात की एक वही भरली असती. त्यातल्या काही खरंच चालतात, काही नुसता टाइमपास.

फोन लांब ठेवणे. ही सगळे सांगतात. मी किचनमध्ये कट्ट्यावर ठेवला. झालं काय तर आमचं किचन आणि झोपायची खोली यात एकच दार, गजर वाजला की आधी बायको उठायची, मग पोरगी, आणि मी सगळ्यात शेवटी. बायको म्हणाली, गजर तुमचा आणि जाग माझी, हे चालायचं नाही. मग फोन बाथरूमच्या बाहेरच्या फळीवर गेला आणि आवाज कमी करून व्हायब्रेटवर, पत्र्याच्या डब्यावर ठेवला की तो असला घरघरतो की मी एकटाच दचकून उठतो. चालतंय. आणि तिथं गेलोच आहे तर तोंड धुवून होतं, हा खरा फायदा.

गणितं घालणारा गजर, म्हणजे १७ गुणिले ६ सोडवल्याशिवाय बंद होत नाही तो. क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाला असली गणितं झोपेत पण येतात. काढून टाकला.

पाच-चार-तीन-दोन-एक म्हणून उडी मारणे. उन्हाळ्यात ठीक असंल. जानेवारीत रग काढून फरशीवर पाय ठेवायला मोजणी पुरत नाही, पायमोजे लागतात. पायमोजे उशीखाली ठेवतो आणि रगातच घालतो, मग पुढचं सोपं. स्वेटर, मफलर, गाडीची किल्ली सगळं एका खुर्चीवर. कारण जाग आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, डोकं चालूच झालेलं नसतं, हे आळशीपणामुळं नाही, सगळ्यांचंच तसं होतं, मेंदू हळूहळू जागा होतो. त्या वेळात स्वतःला कसलाच प्रश्न विचारायचा नाही. मोजे कुठायत, आज जाऊ का नको, थंडी किती आहे, असला एक जरी प्रश्न आला की माणूस परत रगात. स्नूझचं पण तेच, त्या मधल्या नऊ-दहा मिनिटांत धड झोप लागत नाही आणि धड जाग पण येत नाही, डोकं मात्र जड होतं.

रात्री झोपताना दोन ग्लास पाणी पिणे. हा उपाय शेजारच्या मामांचा. लई चालतो, फक्त पाचला चालायच्या ऐवजी तीनला चालतो.

चहा. हे मला पटायला वेळ लागला. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला कावळा नाक्यावर मित्रांबरोबर कटिंग मारला तर अकराला पण अर्धा चहा अंगात असतोय. आता चारनंतर बंद. मित्र म्हणतात हा म्हातारा झाला. म्हणू देत.

बुधवार-शुक्रवार-रविवार, म्हणजे मटणाचे वार, हा मात्र आपल्या गावचाच प्रॉब्लेम आहे आणि त्याच्यावर कुणाकडं उपाय नाही. तांबडा-पांढरा समोर असताना आठला हात धुवून उठणारा कोल्हापुरी मला अजून भेटायचाय. रात्री साडेदहाला चार वाट्या रस्सा पोटात घेऊन पाचला उठायचं म्हणजे झोप पण हलकी लागते आणि सकाळी घसा जळतो. बायकोला म्हणलं मटण दुपारी करूया की. तर म्हणाली दुपारी तुम्ही कंपनीत, मग मी कुणासाठी करू. गप्प बसलो. रविवारी तेवढं दुपारी होतं.

खरं म्हणजे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वेळ हळूहळू सरकवल्याचा. साडेआठला उठणाऱ्यानं एकदम पाचचा गजर लावला की काय होतं, तर उठायच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी अंग सगळ्यात थंड असतं, म्हणजे पाचला आपण त्या खड्ड्याच्या जवळपास असतो आणि तिथनंच स्वतःला ओढून काढायचं. त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसाला पंधरा मिनिटं. आणि हे सरकवणं दोन्हीकडं सारखं सोपं नसतं, कारण माणसाच्या आतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा जरासं मोठं असतं. सोडून दिलं की ते रोज थोडं उशिराकडं घसरतं. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगतात बघा, रोज गव्हाएवढा पुढं येतो आणि तांदळाएवढा मागं जातो, तसं चाललंय माझं. आठवडाभर पुढं सरकायचं आणि रविवारी नऊपर्यंत झोपून सगळं मागं. म्हणून आता रविवारी पण जास्तीत जास्त सहा. हे कठीण आहे. बाकी सगळं जमतं, हे कठीण आहे.

या आतल्या घड्याळावर २०१७ ला तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालंय, हॉल, रोसबॅश आणि यंग, आणि त्यांनी काम केलं कशावर तर फळांवरच्या चिलटांवर. केळ्याच्या घडाभोवती फिरतात ती. त्यांना पण सकाळ-संध्याकाळ कळते. हे घड्याळ रोज नीट लावून देतो तो सकाळचा उजेड, डोळ्यात गेलेला. घरातली ट्यूबलाईट त्याच्यापुढं काहीच नाही, ढगाळ दिवशी पण बाहेर कितीतरी पट जास्त उजेड असतो. पण इथंच आपल्या त्या ३३ मिनिटांची गोम आहे. भुवनेश्वरचा पोरगा गावाकडं सहाला उठला तर त्याला थोड्याच वेळात उजेड मिळतो, आणि मी पाचला उठून पावणेसातपर्यंत अंधारातच. माझ्या घड्याळाला कोण सांगणार सकाळ झाली म्हणून? तर मी काय करतो, पंचगंगेच्या पुलावरनं जाताना पूर्वेला तांबडं फुटलेलं असतं, खाली नदीवर धुकं, तेव्हा हेल्मेटची काच वर करतो. डोळ्यातनं पाणी येतं थंडीनं. आणि आठला नाष्ट्याची सुट्टी झाली की कॅन्टीनमध्ये न बसता बाहेर उन्हात उभं राहून खातो. तो ओडिशाचा पोरगा पण तिथंच असतो, बहुतेक त्याला आधीच माहीत असणार.

आता मेन गोष्ट. या सगळ्या मोज्या-किल्ल्या-पत्र्याच्या डब्यांच्या वर एक उपाय आहे आणि तो मी शोधलेला नाही, बाबांचे गुडघे धरले म्हणून झाला. बाबांना रोज पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं असतं. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास भरून देतात, वर फेस, कोमट. पूर्वी शिवाजी पेठेतनं चालत जायचे. डिसेंबरात थंडी वाढली आणि गुडघ्यांनी नाही म्हणलं, तर मला म्हणाले, तू नाहीतरी पाचला उठतोस तर सोड की मला. मी तेव्हा पाचला उठत होतो का नव्हतो हा भाग वेगळा, पण हो म्हणलं.

तेव्हापासनं पाच वाजून वीस मिनिटांनी बाबा कानटोपी घालून दाराच्या पायरीवर बसलेले असतात. हाक मारत नाहीत. दार वाजवत नाहीत. नुसते बसतात, आणि मधनं एकदा खोकतात. त्या खोकल्याला स्नूझ नाही. थंडीत सत्तरीचा माणूस बाहेर बसलाय आणि आपण आत रगात, हे एक मिनिट पण सहन होत नाही, आणि मला पक्की शंका आहे की त्यांना हे चांगलं माहीत आहे. तालमीतली ती खणायची पाळी त्यांनी माझ्यावर लावलीय.

एकदा म्हणलं, आत बसा की, गार लागतंय, मी हाक मारतो. तर म्हणाले, म्हशी थांबत न्हाईत तुझ्यासाठी, गाडी काढ.

कट्ट्यावर सगळे ओळखीचे झालेत. जुने पैलवान, महाद्वारातनं काकड आरती करून आलेली माणसं, दोन-तीन कॉलेजची पोरं जी रात्रभर जागून मग झोपायला जायच्या आधी दूध प्यायला येतात (त्यांचं पण चालू दे). मला कच्चं दूध पचत नाही, डॉक्टर पण उकळूनच प्या म्हणतात, मी नुसता उभा राहतो, घरच्यासाठी लिटरभर घेतो. बाबा एक ग्लास पितात, मिशा पुसतात, कुणाला तरी विचारतात यंदा मैदान कधी आहे. सहाला घरी. सव्वासहाला मी शिरोलीला निघतो.

झोपेचं गणित सरळ आहे. मोठ्या माणसाला कमीत कमी सात तास पाहिजेत, पाचला उठायचं तर दहाला डोळे मिटलेले पाहिजेत, आणि आत्ता साडेनऊ होत आलेत आणि मी हे लिहीत बसलोय. शनिवारी वडणग्याला मावसभावाची हळद आहे, परत यायला बारा तरी वाजणार, डॉल्बी असला तर एक. रविवारी सुट्टी आहे पण बाबांना आधी सांगून ठेवायला पाहिजे, नाहीतर ते पाच वीसला येऊन बसतील. दुपारी सांगायला गेलो होतो तर म्हणाले, हळदीला मी पण येणार हाय, तू आपलं बघ.