आमची वाटचाल : आठ खुर्च्या आणि एक पातेलं

सुरुवातीला मी कोंबडीचे पाय मागायला गेलो की चिकनवाला विचारायचा, "कुत्रं पाळलं का दादा?" आता सकाळी पाच किलो पाय नखं काढून, पिशवीत बांधून तयार असतात. मी रामेन करतो, म्हणजे रश्शातल्या जपानी शेवया. जपानातल्या फुकुओका शहराचा प्रसिद्ध रस्सा डुकराच्या हाडांचा. आमच्या संभाजीनगरात तो चालवायचा हट्ट मी कधीच धरला नाही. कोंबडीचे पाय आणि सांगाडा सात-आठ तास खळखळ उकळला की त्यातला चिकट अंश सुटतो, चरबी पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो. पाया खाणाऱ्या गावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी मूळचा गाईड. अकरा वर्षं जपानी पाहुण्यांना लेणी दाखवली. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, त्यावर आमचा आठवडा बेतलेला. एका पाहुण्याच्या ओळखीनं २०१८ मध्ये फुकुओकाला गेलो आणि पंधरा दिवस एका छोट्या दुकानाच्या कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघितलं. मार्च २०२० मध्ये लेण्यांना कुलूप लागलं. मग घरच्या गॅसवर जे प्रयोग सुरू झाले, त्यांनी निम्मी गल्ली वैतागली.

खरं घोडं अडलं शेवयांपाशी. रामेनच्या शेवया गव्हाच्याच, पण त्यांचा चिवटपणा आणि पिवळसर झाक येते खारामुळे. जपानी लोक त्याला कानसुई म्हणतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. मी खायचा सोडा घालून बघितला, शेवया गिळगिळीत झाल्या. आईनं एक शेवई चिमटीत धरली. "हे पापडखाराचं काम हाय रे. सोड्यानं काय हुतंय?" जन्मभर उन्हाळ्यात गल्लीचे पापड लाटलेली बाई ती. पापडखारानं पहिल्यांदा शेवई दाताला लागली! पण त्याचा जोर पुडीगणिक बदलायचा. शेवटी खायचा सोडाच ओव्हनमध्ये तासभर भाजायला लागलो. भाजला की त्याचंही कार्बोनेट होतं, आणि वजनानं घेता येतं. पाणी मात्र फार कमी लागतं, शंभर ग्रॅम पिठाला अडतीस ग्रॅम. गोळा होतच नाही, चुरा राहतो. तो झाकून मुरवायचा आणि मग मशीनमधून पट्टी काढायची.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती कुणाला सांगायला नको. नळ रोज येत नाही, बोअरचं पाणी जड. जड पाण्यात कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळाची वाळलेली पट्टी, चव सोडत नाही. म्हणून रश्शाला फक्त फिल्टरचं पाणी.

२०२२ मध्ये राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आठ खुर्च्या मांडल्या. पाच छोटे वाडगे, एकामागून एक. आधी कोंबूचं सार, मग सोया सॉसचं रामेन, मग तो पांढरा रस्सा. चौथ्यात येसर. हो, आपलं आमटीचं येसर, वरून करडईच्या तेलात तळलेला लसूण. हा वाडगा फुकुओकात कुणी ओळखणार नाही, पण जालन्या-परभणीचे लोक तोच दुसऱ्यांदा मागतात. शेवटी गार शेवया, बुडवून खायच्या.

आधी नाव नोंदवायचं म्हटल्यावर लोक चिडायचे. "जेवायला यायचं तर अर्ज करायचा का?" पण गरम रश्शात शेवई सात-आठ मिनिटांतच फुगते. मी एका वेळी दोनच वाडगे नीट भरू शकतो. फोटो काढत बसणाऱ्यांना मी सरळ सांगतो, आधी भुरका मारा. आमटीचा मारतो तसाच, आवाज करून. जपानात त्याला कुणी नावं ठेवत नाही.

पहिल्या दिवाळीत सहा जणांनी नाव नोंदवलं आणि आलेच नाहीत, फोनही उचलला नाही. दोन दिवस घरात सगळ्यांनी तेच खाल्लं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतो.

श्रावणात खुर्च्या रिकाम्या राहायच्या. आता तो महिना शाकाहारी, वाळलेल्या शिताके मशरूमच्या पाण्यावर. लसूण काढून तिथं सुकी मिरची. आई एरवी खोलीत पाऊल टाकत नाही, पण श्रावणात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते आणि येसर कमी पडलंय म्हणून सांगते. मागच्या श्रावणात पाहुण्यांसमोरच सांगितलं. कमी होतं खरं.

खुर्च्या वाढवा असं बरेच जण म्हणतात. मोठं पातेलं बघून ठेवलंय, पण ते आमच्या शेगडीवर बसत नाही.