आज ताईंनी पहिल्यांदा ते टूल उघडलं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. आज ऑफिसमध्ये तसं मोठं काही घडलं नाही, आमच्या टीममधल्या एका ताईंनी एक सॉफ्टवेअर उघडलं, एवढंच. पण सहा आठवडे मी या दिवसाची वाट बघत होते.

आम्ही ११ जण, ग्राहकांच्या तक्रारींच्या मेलना उत्तरं देतो. दोन महिन्यांपूर्वी वरून आलं की आता एआय वापरायचं, ते मेल वाचून उत्तराचा ड्राफ्ट करून देईल, तुम्ही बघायचं, दुरुस्त करायचं आणि पाठवायचं. मग दोन तासांचं ट्रेनिंग झालं, स्लाइडवर स्लाइड, शेवटी "काही शंका?" विचारलं तर एकाचाही हात वर नाही. मला वाटलं चला, सगळ्यांना समजलं. आता कळतंय की साहेब समोर बसलेले असताना "माझी नोकरी राहणार का" असं कोण विचारणार?

त्याच ट्रेनिंगमध्ये एटीएमचं उदाहरण दिलं होतं, की बघा, १९६७ साली पहिलं एटीएम आलं, अमेरिकेत नंतर गल्लोगल्ली मशिन्स बसली तरी बँकेतले कॅशियर कमी झाले नाहीत, उलट शाखा वाढल्या. ताई तेव्हा गप्प होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अगं, मग ते काउंटरवरचे लोक आज कुठे आहेत?" मी घरी येऊन वाचलं तर गोष्ट अर्धीच सांगितली होती, कारण मोबाइल बँकिंग आल्यावर तिथे कॅशियर कमीच होत गेलेत. अशी अर्धी गोष्ट सांगून लोकांची भीती जात नाही, वर आपल्यावरचा विश्वास जातो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मीही त्या उदाहरणावर मान डोलावली होती.

ताईंबद्दल लिहायलाच हवं. मी नवीन लागले तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे एक जाड वही आहे, कडा झिजलेली. कुठल्या तक्रारीत आधी माफी मागायची आणि कुठे आधी तारीख सांगायची, चिडलेल्या माणसाला कुठलं वाक्य अजिबात लिहायचं नाही, कुठला नियम कागदावर एक आणि प्रत्यक्षात वेगळा, सगळं त्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी सरळ विचारलं, ताई, नक्की काय खटकतंय? तर म्हणाल्या, "मला मशीनची भीती नाही गं. पण ही वही त्याला दिली की उद्या कालच आलेला मुलगाही माझ्यासारखी उत्तरं लिहील, मग मला कोण विचारणार?"

मी काही बोलू शकले नाही. कारण नेमकं हेच मी वाचलं होतं. स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये कस्टमर सपोर्टच्या ५ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास मांडला, त्यात एआय मिळाल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या जवळपास ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्या लोकांना मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. का? तर त्या टूलने उत्तम काम करणाऱ्यांच्या बोलण्यातूनच शिकून ते नवख्यांच्या हातात दिलं होतं. म्हणजे ताईंची शंका बरोबरच होती, ती "बदलाची भीती" वगैरे नव्हती, तो हिशोब होता. ज्याच्या अनुभवावर टूल चांगलं होतं त्याला बदल्यात काय मिळतं, हा प्रश्न आम्ही कोणी विचारलाच नव्हता.

मग मी वर जाऊन दोन गोष्टी मागितल्या. एक, टूलमुळे वाचलेला वेळ बघून लगेच टार्गेट वाढवायचं नाही. कारण लोक वेडे नाहीत, आज ४० मेल पटकन झाले की उद्या ६० करा म्हणणार हे त्यांना दिसतं, मग कोण कशाला पटकन करेल? आणि दुसरी, टूलच्या चुका पकडणं हे काम म्हणून धरायचं, अप्रेझलमध्ये त्याची नोंद व्हायची आणि ते ताईंकडे द्यायचं. पहिल्याला ३ महिन्यांसाठी होकार मिळाला. दुसऱ्यासाठी तीनदा जावं लागलं, शेवटी मागच्या शुक्रवारी लेखी मेल आला. मी टीमला जसं आहे तसं सांगितलं, की ३ महिने टार्गेट हलणार नाही, त्यानंतरचं वचन माझ्या हातात नाही, पण जे मला कळेल ते तुम्हाला त्याच दिवशी कळेल. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, पण त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न आले, आणि मीटिंग तासभर लांबली.

त्याच मीटिंगनंतर आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा थांबला. म्हणाला, मॅडम, मी आधीपासूनच वापरतोय, स्वतःच्या मोबाइलवर, फुकटचा चॅटबॉट. ग्राहकाचा मेल नाव-नंबरासकट कॉपी-पेस्ट करायचा. मी विचारलं सांगितलं का नाहीस, तर डोळ्यांत पाणी, "लोक म्हणतील याला काम येत नाही, मशीन करतं." मी इतके दिवस न वापरणाऱ्यांच्याच मागे होते आणि इथे हा पोरगा लपून वापरत होता, भीती तीच फक्त उलट्या बाजूने. आणि ही जास्त धोक्याची, २०२३ मध्ये सॅमसंगमध्ये इंजिनिअर लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता आणि मग कंपनीने असली टूल्सच बंद केली, ते त्याला सांगितलं. पण ओरडले नाही. ओरडले असते तर पुढचा कोणी सांगायला आलाच नसता. ग्राहकाची माहिती बाहेरच्या टूलमध्ये टाकायची नाही हे सगळ्यांना पुन्हा नीट सांगितलं, त्याचं नाव न घेता.

तर आज. दुपारी ताईंनी मला हाक मारली, "ये, बस इथे." समोर एका माणसाचा मेल होता, आई गेली, तिच्या नावावरचं खातं बंद करायचंय, वर्षाची फी भरलेली आहे ती परत मिळेल का. ताईंनी टूलला ड्राफ्ट करायला सांगितलं. काही सेकंदात आला, भाषा अगदी गुळगुळीत. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" तीनदा. पूर्ण फी ७ दिवसांत परत मिळेल, आणि सोबत खातेदाराची सही असलेला अर्ज जोडा.

ताईंनी चष्मा काढला. "खातेदाराची सही? अगं, ती बाई गेलीये." आणि पूर्ण फीचा नियमच नाहीये आमच्याकडे, उरलेल्या महिन्यांचीच मिळते. मला ती एअर कॅनडाची केस आठवली, त्यांच्या चॅटबॉटने आजी गेलेल्या प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ट्रिब्युनलने कंपनीलाच पैसे द्यायला लावले. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग, सही करणारा जबाबदार, हे तर आपण पहिल्यापासून म्हणतोय.

त्यांनी तो ड्राफ्ट जवळजवळ सगळा पुसला. सहानुभूतीचं एकच वाक्य ठेवलं, "आईंच्या जाण्याचं ऐकून वाईट वाटलं", मग लगेच कुठले दोन कागद लागतील आणि किती महिन्यांची फी मिळेल ते. म्हणाल्या, दुःखातल्या माणसाला लांब मेल वाचवत नाही.

पुढचा मेल मात्र दोन वर्षांचा जुना वाद होता, चौदा मेलची साखळी. टूलने त्याचा पाच ओळींत सारांश दिला, ताईंनी मूळ मेलशी एकेक ओळ ताडून बघितली, एक तारीख राहिली होती, बाकी बरोबर. "हे बरं आहे," म्हणाल्या, "माझे डोळे वाचतील."

निघताना बघितलं तर वहीत नवीन पान काढलेलं. वर आजची तारीख, खाली "टूलच्या चुका", आणि १ नंबरला "गेलेल्या माणसाची सही मागतं". उद्या सकाळी त्या लहान मुलाला शेजारी खुर्ची टाकून बसवणार आहेत, मला सांगितलं की तू येऊ नकोस, तू असलीस की तो बोलत नाही.