पलंगपोसाचा पडदा

आज सकाळी सेदू केइता यांनी काढलेले एक छायाचित्र पाहताना माझी नजर चेहऱ्यावरून सरकून मागच्या झालरीच्या कापडावर अडली, कारण तो पडदा म्हणजे त्यांचा स्वतःचा पलंगपोस होता.

१९४८ मध्ये मालीतील बामाको शहरात स्टुडिओ उघडणाऱ्या केइतांनी दर काही वर्षांनी पडदा बदलला आणि पुढे त्या नक्षीवरूनच त्यांना छायाचित्राचा काळ सांगता येई. गिऱ्हाइकांना घड्याळ, रेडिओ, सूट असे सारे तिथेच उसने मिळे. खर्चामुळे छायाचित्र मात्र बहुधा एकदाच टिपले जाई. (मी फोनवर एका चहाच्या कपाचे सात फोटो काढतो.)

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे अज्ञात छायाचित्रकाराची म्हणून लावली गेली. पलंगपोस ओळखता येतो, मग माणसाचे नाव कसे हरवले?