जीपीआर१५१ची स्लाइड

माणसाच्या साधारण २०,००० प्रथिनांपैकी काहीशेच प्रथिनांवर आजची औषधं चालतात. एकतृतीयांशाच्या आसपास प्रथिनांबद्दल तर धड काही लिहिलंच गेलेलं नाही. अशा दुर्लक्षित प्रथिनांसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. त्यातून आलेलं ‘फॅरोस’ हे पोर्टल नवी औषधं शोधणाऱ्या आमच्या टीमच्या स्क्रीनवर दिवसभर उघडं असतं. औषध असलेल्या प्रथिनाला तिथे ‘टीक्लिन’ असा शिक्का, जवळजवळ कुणीच हात न लावलेल्याला ‘टीडार्क’.

त्या शुक्रवारी सरांना लठ्ठपणासाठी नवं टार्गेट, म्हणजे औषधाने ज्यावर काम करावं असं प्रथिन, हवं होतं, तेही संध्याकाळच्या मीटिंगआधी. आमच्या ज्युनिअरने जीपीआर१५१ पुढे केला. हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर संदेश झेलणारं प्रथिन. त्यातही ऑर्फन, म्हणजे शरीरातला कोणता रेणू त्याला चालू करतो तेच ठाऊक नाही. पण घराणं जीपीसीआर नावाच्या रिसेप्टरांचं, आणि बाजारातली साधारण एकतृतीयांश औषधं याच घराण्यावर काम करतात. शिवाय २०१८ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या जनुकीय आणि आरोग्य नोंदींच्या साठ्यात दिसलं होतं की या जीनमध्ये एक ठरावीक बिघाड असलेल्यांचा बीएमआय कमी, टाइप २ डायबेटिसचा धोकाही कमी. ४१९ अमिनो आम्लांचं प्रथिन ९५व्या जागीच तुटतं आणि माणूस बारीक राहतो! मग गोळीने रिसेप्टर बंद केला की झालं. स्लाइड तयारच होती.

कोणता जीन शरीरात कुठे किती चालू असतो ते दाखवणारा जीटेक्स हा डेटाबेस मी उघडला. “मॅडम, मेंदूत काही खास दिसत नाहीये,” ज्युनिअर हिरमुसला. दिसणार कसं? हा रिसेप्टर मुख्यतः हॅबेन्युला नावाच्या मेंदूतल्या इवल्याशा भागात असतो, आणि जीटेक्सने मेंदूच्या ज्या १३ भागांचे नमुने घेतलेत त्यात हॅबेन्युला नाहीच. अशा ठिकाणी शून्य दिसलं की मी आधी नमुन्यांची यादी बघते, मग प्रथिनाला नावं ठेवते.

खरा धक्का पुढेच होता. २०२२ चा एक पेपर सापडला, पाकिस्तानातल्या जनुकीय नमुन्यांवरचा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, तशी नात्यातली लग्नं तिथे भरपूर. त्यामुळे जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेली माणसं सापडतात. ब्रिटनमध्ये हा बिघाड असलेल्या बहुतेकांची एकच प्रत बिघडलेली असते. रिसेप्टर पूर्ण बंद पडला तर काय होतं, हे कुठल्याही डेटाबेसपेक्षा ही माणसं चांगलं सांगतात. या संशोधकांना ११ प्रकारचे बिघाड मिळाले, त्यातले तीन दोन्ही प्रतींत. वजनात किंवा डायबेटिसमध्ये दखल घ्यावी असा फरक शून्य. हा जीन काढून टाकलेले उंदीर साध्या खाण्यावर इतरांसारखेच राहिले आणि चरबीयुक्त खाण्यावर चक्क जास्त जाड झाले.

“मग यूके बायोबँक चुकलं?” मीटिंगमध्ये सरांनी विचारलं.

“तसं नाही सर. तिथे आकडेवारीत एक संबंध दिसला. त्यावर गोळी बेतण्याइतका तो पक्का नाही, एवढंच.”

तेवढ्यात ज्युनिअरला २०२० चा निकोटिनवरचा पेपर आठवला. हाच जीन नसलेले उंदीर, इतरांना नकोसा होणारा निकोटिनचा डोसही जास्त घेत होते.

“म्हणजे वजन उतरायचं राहील बाजूला आणि गिऱ्हाईक सिगरेटी वाढवेल,” सर म्हणाले. “पुढचं नाव काय आहे?”