अजिंक्यताऱ्याच्या मापानं हिमालय : सरावाची नोंद, आठवडा अकरावा

पहिला मोठा ट्रेक कोणता करायचा ते ठरलं की कळवते, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ठरलं एकदाचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला, म्हणजे फुलांच्या घाटीला चाललोय. सोबत गाइड आहे. मी चव्वेचाळीस वर्षांची, अक्का एक्कावन्न. सराव सुरू करेपर्यंत दोघींनी एक दिवसाच्या वर डोंगर केला नव्हता.

आधी मी केदारकंठा, म्हणजे उत्तराखंडातलाच एक शिखराचा ट्रेक, धरून बसले होते. ज्याला विचारावं तो पहिल्यांदा तोच सांगतो, आणि बर्फातले फोटो बघून मलाही तोच हवा होता. मन बदललं ते अजिंक्यताऱ्यामुळं.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि शहरालगतचा अजिंक्यतारा किल्ला हजारावर. गोडोलीच्या बाजूच्या पायवाटेनं वर गेलं की ढोबळमानानं ३०० मीटर चढ होतो. आम्हाला त्याला पन्नास मिनिटं लागतात. वरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर असं सगळं दिसतं, पाच मिनिटं बसायचं आणि उतरायचं. अकरा आठवडे हेच चाललंय, त्यामुळं हा चढ पायांना पाठ झालाय. ‘आज ६०० मीटर चढायचं’ असं कुणी म्हटलं तर मला काही बोध होत नाही. ‘दोन अजिंक्यतारे’ म्हटलं की पोटऱ्यांना लगेच कळतं. म्हणून ३०० मीटर म्हणजे एक अजिंक्यतारा, असं माप आम्ही धरलं आणि प्रत्येक ट्रेकचा आराखडा त्यात बसवून पाहिला. तुमच्या गावाजवळ जी टेकडी असेल तिचं माप धरा, पण हे जरूर करा.

केदारकंठ्याचं शिखर १२,५०० फूट. सव्वा अकरा हजार फुटांच्या आसपास शेवटचा कॅम्प असतो. म्हणजे शिखराच्या दिवशी चढ फक्त सव्वा अजिंक्यतारा! मी खूश झाले. मग तोच दिवस पुढं वाचला. बऱ्याच आराखड्यांत शिखरावरून त्याच दिवशी ८,९०० फुटांवरच्या हरगावला उतरवतात. हा उतार साडेतीन अजिंक्यताऱ्यांच्या वर जातो, तोही पहाटे अंधारात उठून, बर्फात चढून झाल्यावर. जाहिरातीत चढ मोठ्या अक्षरांत असतो, उताराबद्दल कुणी बोलत नाही. आणि आमचे गुडघे बोलतात ते उतारावरच.

हे कळायला रायरेश्वर-केंजळगड करावा लागला. सलग दोन दिवसांचा सराव हवा होता. वासोट्याचा विचार होता, पण तो कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत. तिथं मुक्कामाला परवानगी नाही, बामणोलीची बोट धरून त्याच दिवशी परतावं लागतं. म्हणून जानेवारीत साताऱ्यातल्या एका ग्रुपबरोबर कोर्ल्याकडून शिडीच्या वाटेनं रायरेश्वर चढलो, पठारावरच्या घरात भाकरी-पिठलं खाऊन झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी केंजळगड करून खावलीला वाईच्या बाजूनं उतरलो.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले तर मांड्या दगड झालेल्या. अक्का म्हणाली, “अगं, हे पाय माझेच आहेत ना?” एक दिवसाच्या ट्रेकमध्ये ही सकाळ बिछान्यात जाते, म्हणून ती कुणाला माहीतच नसते. सलग ट्रेकमध्ये याच पायांवर पुढचे सहा तास काढायचे असतात. ट्रेक निवडताना मी आता ‘शिखर किती उंच’ हे सोडून ‘दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय आहे’ हे आधी बघते.

केंजळगडाच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरायच्या आधी ग्रुपच्या पोरानं अक्काला थांबवलं. “काकू, बूट पुढं सरकतोय तुमचा. बसा जरा.” गुडघ्यावर बसून त्यानं लेस पूर्ण सैल केली. टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावली, म्हणजे पाऊल मागं जाऊन टेकतं. मग सगळ्यात वरच्या भोकात लेस त्याच बाजूनं परत आत घालून छोटा फास केला, समोरची लेस त्या फासातून ओवली आणि दोन्ही टोकं खाली ओढून घोट्याशी गच्च बांधलं. पुढं बोटांपाशी मात्र सैल ठेवलं. अक्काची बोटं उतारभर एकदाही बुटाला लागली नाहीत. त्याच्या दोन आठवडे आधी अजिंक्यतारा उतरताना माझ्या अंगठ्याचं नख निळं पडलं होतं, ते केवळ ही गाठ माहीत नव्हती म्हणून. आता गड उतरायच्या आधी आम्ही दोघी बसून लेस पुन्हा बांधतो.

आता व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच का, ते सांगते. गोविंदघाटापासून पुलनापर्यंत गाडी जाते, तिथून घाटीजवळचं मुक्कामाचं गाव घांगरिया नऊ-दहा किलोमीटर. घांगरिया ३,०५० मीटरच्या आसपास, म्हणजे त्या दिवसाचा चढ तीन अजिंक्यतारे. हे कमी नाही. पण वाट बांधलेली आहे, आणि मोठी सॅक खेचरावर देता येते. खरा फायदा त्यानंतरचा आहे : घांगरियात एकाच खोलीत तीन रात्री. घाटीत मुक्काम करू देत नाहीत, त्यामुळं सकाळी जायचं आणि दुपारी उतरून परत त्याच बिछान्यावर. एखाद्या दिवशी अक्काचे गुडघे नाही म्हणाले तर ती खोलीत थांबेल, मी जाईन, आणि कुणाचा ट्रेक मोडणार नाही. रोज कॅम्प पुढं सरकणाऱ्या ट्रेकमध्ये ही सोय नसते. तिथं थांबणं म्हणजे मागं फिरणं.

दुसरी गोष्ट उंचीची. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. इथं झोपायची उंची तीन रात्री तीच राहते. याच ट्रेकमध्ये घांगरियाहून करायचं हेमकुंड साहिब गुरुद्वारा मात्र चार हजार मीटरच्या वर आहे, सहा किलोमीटरमध्ये चारेक अजिंक्यतारे, आणि हवा विरळ. म्हणून आधी घाटी आणि हेमकुंड त्याच्या दुसऱ्या दिवशी, असाच क्रम असलेला आराखडा निवडला. काही जण उलटं नेतात. नवख्यांनी ते टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयोजकाबद्दल थोडं. पहिल्या ठिकाणी फोन केला तर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, “काही नाही हो ताई, सगळ्यांना जमतो.” अक्काला बीपीची गोळी चालू आहे हे सांगितलं, तरी तेच. तिथंच फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीनं आधी अक्काचं वय आणि गोळ्या विचारल्या, डॉक्टरांचं पत्र मागितलं, मग रोजचा चढ-उतार मीटरमध्ये पाठवला. गाइडनं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत कोर्स केलाय, सोबत ऑक्सिमीटर असतो, आणि डोकेदुखी वाढली तर कुणाला विचारत न बसता खाली उतरवतात, हेही न विचारता सांगितलं. पैसे हजारभर जास्त आहेत. दिले.

जोशीमठच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेत. फुलांसाठी हाच काळ चांगला, त्याला इलाज नाही. कासच्या पठारावर जो तेरडा सप्टेंबरात पसरतो, त्याच कुळातला हिमालयी तेरडा त्या घाटीत माणसाच्या उंचीचा होतो म्हणे. कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलं, ती घाटी २००५ साली. दोन्ही एकाच वर्षात बघायची अक्काची फार इच्छा आहे.

या आठवड्याचा हिशोब : शनिवारी दोन अजिंक्यतारे, रविवारी पुन्हा दोन, पाठीवर सहा किलो. अक्कानं रविवारची दुसरी फेरी अर्ध्यावर सोडली, पण पाय दुखले म्हणून नाही, पाणी संपलं म्हणून. आता दोघींकडं दोन-दोन लिटर. मार्चपासून ऊन वाढेल, तेव्हा पहाटे साडेपाचला निघू, आणि महिन्यातून एकदा यवतेश्वरमार्गे कासपर्यंत चालत, लांब पल्ल्यासाठी.

एकाच गोष्टीवर आमचं अडलंय. दिवसभर पावसात चालताना पोंचो (डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट) बरा की रेनकोट-पँट? अक्का पोंचोच्या बाजूची आहे, सॅकही झाकते म्हणून. मला भीती की वाऱ्यात तो उडून पायाखालचं दिसणार नाही. त्या वाटेवर पावसात चाललेल्या कुणी अनुभव सांगितला तर जूनच्या आधी खरेदी करता येईल.