तुम्ही विचारलंत म्हणून: "सुटलीस ना गं एकदाची?"

मागच्या आठवड्यात परत तेच झालं. लग्नाचा हॉल, हात धुवायच्या नळापाशी गर्दी, आणि नात्यातल्या एका वहिनींनी माझा दंड धरला. "किती गं बारीक झालीस! सुटलीस ना एकदाची? आमच्या धाकटीचं पण ते वजनाचं ऑपरेशन करायचं चाललंय, सांग की जरा." मी नेहमीसारखं "हो हो, बरं आहे आता" म्हटलं आणि निघून आले. घरी येऊन झोप लागली नाही. चार वर्षं हेच उत्तर देतेय मी, आणि दर वेळी वाटतं की आपण खोटं बोललो. म्हणजे पूर्ण खोटं नाही, पण खरंही नाही. तर वहिनी, आणि तुमच्यासारखं जिन्यात, बाजारात, फोनवर विचारणारे सगळेच, तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

बायपास म्हणजे काय, स्लीव्ह म्हणजे काय ते फार सांगत बसत नाही, विचारणारे व्हिडिओ बघूनच आलेले असतात. एवढंच, की स्लीव्हमधे पोट कापून नळीएवढं ठेवतात, आणि बायपासमधे पोटाची एवढीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. माझा बायपास झाला, जानेवारी 2022, पुण्यात. वजन 121, उंची पाच फूट दोन इंच, नऊ वर्षांची शुगर, दोन वेळा इन्सुलिन. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी इन्सुलिन बंद झालं, अजून एक किलोसुद्धा नीट उतरलं नव्हतं तेव्हा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 9.4 होतं ते वर्षभरात 5.8 वर आलं. डॉक्टर 'बरी झाली' म्हणत नाहीत, 'रेमिशन' म्हणतात, म्हणजे परत येऊ शकते. पण पोटावर सुई टोचून घ्यायची नाही हे काय सुख असतं ते नऊ वर्षं टोचून घेतलेल्यालाच कळेल. त्यामुळं ऑपरेशन केलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बघा, पस्तावली.

आणि "सोप्या रस्त्यानं गेलीस" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, पहिले पंधरा दिवस खोकल्याच्या औषधाला मिळतं ना तसलं मापाचं झाकण घेऊन बसायचं, 30 मिली, आणि ते पाणी घोट घोट करून पंधरा मिनिटांत संपवायचं, मग परत भरायचं. दिवसभर तेच. ताकाची निवळ, डाळीचं वरचं पाणी, प्रोटीनची पावडर, जिचा वास अजून नाकातून गेलेला नाही. मग मिक्सरमधलं, मग गुरगुट्या भात. सहाव्या आठवड्यात मी कुणाला न विचारता चतकोर चपाती खाल्ली, कोरडी, चार घासांत, पूर्वीच्या सवयीनं. ती छातीच्या खाली अडकली आणि दोन तास नुसता फेस थुंकत मोरीपाशी उभी होते. चौथ्या महिन्यात केस गेले, कंगव्यात नाही, मुठीत यायचे. ते नंतर आले परत, पण तेव्हा येतील असं कुणी शपथेवर सांगितलं तरी विश्वास बसत नाही. पोटाची कातडी लोंबते, उन्हाळ्यात घड्यांमधे घाम साचून लाल होतं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची एकत्र चालत नाही, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, डोकं दुखलं म्हणून साधी पेनकिलर मनानं घ्यायची नाही कारण जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. हे सगळं जन्मभर. 'सुटलीस' या शब्दाचा मला राग येतो तो यामुळं.

पण खरं सांगू का, हे सगळं सहन होतं. हे आधी सांगितलेलं असतं, कागदावर लिहून दिलेलं असतं. जे कागदावर असूनही मला कळलं नव्हतं ते वेगळंच, आणि तेच मी कुणाला सांगत नाही.

मी पतसंस्थेत कॅशिअर आहे, इचलकरंजीत. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. मी ऑपरेशनला गेले तेव्हा आत्ती गणपतीला बोलल्या होत्या, ही नीट घरी आली की दोघी मिळून 21 संकष्ट्या करू. मला न विचारता बोलल्या होत्या, पण माझ्यासाठी बोलल्या होत्या, आणि ज्या बाईनं तीन महिने माझ्यासाठी वेगळं भांडं, वेगळी फोडणी, बिनतिखटाचं वरण केलं तिला नाही कसं म्हणायचं. एप्रिलपासून सुरू केल्या. डाएटिशियनला सांगितलं नाही. इथं माझी चूक सुरू होते, आणि ती माझीच आहे. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रोटीन, थोडं थोडं पाच-सहा वेळा, उपाशी राहायचं नाही. मी मनाशी म्हटलं, दूध-दह्यावर काढते ना, मग काय होतंय. तेरा संकष्ट्या तशा निघाल्याही.

चौदावी मे 2023 मधली, सोमवार होता. सकाळी गडबडीत दूधही घेतलं नव्हतं. आत्तींनी डबा दिला, साबुदाण्याची खिचडी, वर राजगिऱ्याचा लाडू, एक केळं. "रोज काय दह्यावरच राहतीस, आज खा जरा चवीचं." एक वाजता मी खाल्लं. आणि छान गेलं! अडकलं नाही, मळमळ नाही. तेव्हा मला वाटायचं की जे अडकत नाही ते मानवतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, तो माझ्या त्या एवढ्याशा पिशवीत थांबतच नाही, सरळ आतड्यात उतरतो, साखर एकदम वर जाते, शरीर घाबरून भरमसाट इन्सुलिन सोडतं, आणि दीड-दोन तासांनी साखर धाडकन खाली. लेट डम्पिंग म्हणतात. माझ्या डिस्चार्जच्या फाइलमधे हा शब्द होता. मी त्याखाली पेननं रेघसुद्धा मारलेली आहे.

पावणेतीनला काउंटरवर गर्दी होती. पगाराचे पैसे काढायला यंत्रमागवाले आले होते. मला आधी घाम आला, मे महिना, पंखा तिकडं, म्हणून दुर्लक्ष केलं. मग बोटं. नोटा मोजताना बोटं थरथरायला लागली, 500 च्या नोटा, मशीनमधे लावतेय आणि त्या सरळच लागेनात. समोरचा माणूस काहीतरी बोलत होता, तोंड हलताना दिसत होतं. तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांची शुगरवाली बाई, हिला कळू नये शुगर कमी झालीय? हेच तर. इन्सुलिन घेत होते तेव्हा मला लगेच कळायचं, पर्समधे साखरेची पुडी असायची. आता औषधच बंद, मग कमी होईल कशी, असं डोक्यात पक्कं बसलेलं. मला वाटलं उन्हाचं असेल. वाटलं, एवढी रांग संपवू आणि उठू. किती वेळ गेला माहीत नाही. मग मी ज्या स्टुलावर बसले होते त्याच्या शेजारी खाली होते आणि शिपाईमामा माझ्या तोंडावर पाणी मारत होते. लोनच्या टेबलावरच्या मॅडमना शुगर आहे, त्यांच्या ड्रॉवरमधे मशीन होतं, त्यांनी बोट टोचलं. साखर 44, म्हणजे फारच खाली.

साखरेचं पाणी पाजलं, कुणीतरी पेढे आणून दिले, दोन खाल्ले. (नंतर कळलं की तेही चुकलं, थोडंसं ग्लुकोज आणि लगेच काहीतरी प्रोटीन असं हवं होतं, नाहीतर परत वर आणि परत खाली. संध्याकाळी सातला परत घाम फुटला तो त्यामुळं.) पण मला आठवतं ते पाणीही नाही आणि पेढेही नाहीत. मला आठवतं ते कॅश टॅली करणं. साडेपाच वाजता हिशोब लावला, 10,000 कमी. परत लावला, परत 10,000 कमी. कुणाला तरी 500 च्या वीस नोटा जास्त गेल्या होत्या, माझ्या हातून. 17 वर्षांत माझी कॅश पाच रुपयांनी चुकलेली नाही. त्या दिवशी मोठी रक्कम काढलेल्या सगळ्यांना फोन केले, कुणी परत आणून दिले नाहीत. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, उपासच करायचा होता तर रजा टाकायची होती." आणि मागं कुणीतरी, कोण ते मला माहीत आहे, हळू आवाजात, "करून घेतलं ना हौसेनं, आता भोगा." पैसे माझ्या पगारातून दोन महिन्यांत कापून गेले. ते गेले तर गेले. पण 121 किलोची असताना, जिना चढताना धापा टाकत असताना, मला त्या ऑफिसात कुणी कामावरून बोललं नव्हतं. बारीक झाले आणि पहिल्यांदा कामात उणी पडले. हे मला तेव्हाही पटलं नाही, आज लिहितानाही पटत नाहीये.

घरी आले तर आत्तींना आधीच कळलं होतं. त्या रात्री चंद्र बऱ्याच उशिरा दिसला. त्यांनी आरती केली, मोदक ठेवले, आणि स्वतः जेवल्या नाहीत. "माझ्या हातनं झालं," एवढंच म्हणाल्या. मी तिथं होते. मला म्हणता आलं असतं की नाही आत्ती, मी खाल्लं, मला फाइलमधे लिहून दिलेलं होतं, तुम्हाला कोण सांगणार होतं. मी नाही म्हटलं. मला राग आला होता, त्यांचा, खिचडीचा, नवसाचा, आणि तो राग मी त्यांच्याकडंच राहू दिला. उरलेल्या सात संकष्ट्या त्यांनी एकट्यानं केल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात साबुदाणा आलेला नाही. मी आणू नका असं कधीच म्हटलं नव्हतं. मुलांना आवडतो, ती बाहेर खातात.

आता औषध-पथ्य जमलंय. डॉक्टरांनी खाण्याचा क्रम बदलून दिला, आधी अंडं किंवा पनीर किंवा मुगाचं धिरडं, भात शेवटी आणि दोन चमचे. पर्समधे परत ग्लुकोजची गोळी आणि चण्या-दाण्याची पुडी असते. 11 वाजता आणि पावणेचारला मी काउंटरवर पाटी लावून पाच मिनिटं खाते, मॅनेजरना आवडो न आवडो. त्यानंतर पडले नाही. दोनदा जवळ आलं होतं.

ऑपरेशनच्या आधी मी मोबाईलमधे एक यादी केली होती, नंतर काय काय होणार त्याची. एसटीत दोघांच्या सीटवर दोघं बसणार, हे झालं. जोतिबाच्या पायऱ्या न थांबता, हेही झालं, 2023 मधेच. शेवटची ओळ होती, 'खाण्याचा विचार डोक्यातून जाणार.' त्या वेळच्या मला आज हलवून सांगावंसं वाटतं की बाई गं, तू आता इतका विचार करणार आहेस जितका आयुष्यात केला नाहीस. पण मग ती मला म्हणेल की तुला आठवत नाही, तू रात्री एक वाजता गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून गार भात खायचीस आणि रडायचीस, तो विचार जाणार असं मी म्हणत होते. आणि ती बरोबर आहे. पहिले आठ-नऊ महिने भूकच नव्हती, तेव्हा मला वाटलं होतं मी दुसरीच कुणीतरी झाले. मग भूक आली परत, हळूहळू. वजन 72 पर्यंत उतरलं होतं, आता 79 आहे. ते सात किलो कशानं आले तेही सांगते. भडंगानं, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांनी. भाकरीचे चार घास खाल्ले की पोट दगड होतं, पण भडंग मूठ मूठ करत कितीही सरकतं. माझ्या पोटाला कळत नाही आणि मला कळतं. घरात सगळे झोपल्यावर खाते कधी कधी. हे पहिल्यांदाच लिहितेय. ओट्यापाशीच उभी राहून.

म्हणून 'सुटलीस ना' ला माझ्याकडं हो पण नाही आणि नाही पण नाही. परत करशील का विचारलं तर करीन, बहुतेक. सकाळी विचारलंत तर नक्की करीन. रात्री एक वाजता विचारू नका.

वहिनी, धाकटीला माझा नंबर द्या. बायपास की स्लीव्ह ते डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडणार नाही. तिला म्हणावं रक्ताचे सगळे रिपोर्ट आत्ताच करून ठेव, बी-ट्वेल्व्ह, लोह, डी, आधीच कमी असतील तर पुढं जड जातं. आणि विमा असेल तर बीएमआयचे (उंचीच्या मानानं वजनाचे) आकडे आणि शुगरची जुनी कागदपत्रं फाइलला लाव. बाकीचं फोनवर सांगेन, पाचच्या पुढं करू दे, तोवर कॅशचं काम चालू असतं. आणि बोलताना स्पीकर लाव म्हणावं, सासूबाईंना शेजारी बसव. आमच्या आत्ती म्हणतात त्यांनाही बोलायचंय.